एचएस-सीआरपी ७.४ आलं, म्हणजे अँजिओग्राफी करायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४७, पुरुष, राहायला कोथरूड, नोकरी हिंजवडीत. उंची १७० सेंमी, वजन ७२ किलो, पोटाचा घेर ९६ सेंमी. तंबाखू, सिगारेट नाही. बीपी १३४/८६, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १२४, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ५.९. दात घासताना हिरड्यांतून अधूनमधून रक्त येतं. वडिलांना ५४ व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. कंपनीच्या वार्षिक चेकअपमध्ये एचएस-सीआरपी (शरीरातला दाह म्हणजे सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन) ७.४ आलं, लाल अक्षरात, शेजारी ‘हाय रिस्क’. सात महिन्यांपूर्वी दुसऱ्या लॅबमध्ये सीआरपी ०.६ होतं आणि ‘नॉर्मल’ लिहिलेलं होतं. ‘सात महिन्यांत बारा पट वाढ झाली, म्हणजे ब्लॉकेज आहे का? अँजिओग्राफी करू का? तोवर अ‍ॅस्पिरिन किंवा कोल्चिसिन सुरू करू का? हळदीच्या कॅप्सूल चालतील का?’

छातीत दुखत नसेल, जिना चढताना दम लागत नसेल, तर या आकड्यावरून अँजिओग्राफी करायची नाही. अ‍ॅस्पिरिन आणि कोल्चिसिन स्वतःच्या मनाने सुरू करायचं नाही. मात्र रिपोर्ट कपाटात टाकून मोकळंही होऊ नका. तुमच्या कागदांत काळजीच्या गोष्टी आहेत, फक्त त्यातली सगळ्यात मोठी लाल अक्षरातली नाही.

आधी ती ‘बारा पट वाढ’ बघू. सात महिन्यांपूर्वीचा कागद पुन्हा काढा आणि आकड्यापुढचं एकक वाचा. साधं सीआरपी बऱ्याच लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात आणि एचएस-सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. एका लिटरमध्ये दहा डेसिलिटर, म्हणून पहिल्या आकड्याला दहाने गुणायचं. ०.६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ६ मिलिग्रॅम प्रति लिटर. ६ आणि ७.४ यांत दखल घ्यावी असा फरक नाही. निरोगी माणसातही हे प्रथिन एका तपासणीपासून दुसऱ्या तपासणीपर्यंत सहज ४० टक्के इकडेतिकडे होतं. ‘नॉर्मल’ का लिहिलं होतं, तेही कळेल. साध्या सीआरपीची मर्यादा जंतुसंसर्ग पकडण्यासाठी ठरवलेली असते, बहुधा १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजेच १० मिलिग्रॅम प्रति लिटर. न्यूमोनिया आहे का हे बघणाऱ्याला ६ हा आकडा किरकोळ वाटतो. हृदयाचा हिशेब करणाऱ्याला तो किरकोळ नाही.

जुन्या कागदावरचं एकक खरोखरच मिलिग्रॅम प्रति लिटर निघालं, तर मात्र ०.६ वरून ७.४ ही खरी वाढ म्हणावी लागेल, आणि मग अलीकडे झालेला ताप, दात किंवा दुखापत आधी शोधायची.

‘एचएस’ म्हणजे मोजण्याची पद्धत जास्त संवेदनशील, एवढंच. प्रथिन तेच. प्रतिपिंड चिकटवलेले लॅटेक्सचे सूक्ष्म कण रक्तद्रवात मिसळतात, सीआरपीमुळे ते एकमेकांना धरतात, द्रव गढूळ होतो आणि यंत्र तो गढूळपणा मोजतं. साधी चाचणी ५ च्या आसपास आणि त्याखाली अडखळते. एचएस चाचणी ०.३ पर्यंत भरवशाने उतरते. एक खाचखळगा इथेही आहे: ट्रायग्लिसराइड फार वाढून रक्तद्रव दुधाळ झाला असेल किंवा ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर जास्त असेल, तर गढूळपणाचं मोजमाप चुकू शकतं. म्हणून दोन वेळा तपासायचं तर त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने.

हे प्रथिन १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. न्यूमोकॉकस जंतूच्या पेशीभित्तीतल्या ‘सी’ नावाच्या शर्करेला ते चिकटायचं, त्यावरून ‘सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन’. ते तयार होतं मुख्यतः यकृतात. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की साधारण सहा तासांत वाढायला लागतं, दर आठ तासांनी दुप्पट होत जातं आणि दोनेक दिवसांत शिखर गाठतं. रक्तातून निम्मं व्हायला सुमारे १९ तास लागतात, आणि हा वेग आजारी असो वा निरोगी, जवळपास बदलत नाही. त्यामुळे रक्तातला आकडा फक्त एकच गोष्ट सांगतो: यकृत सध्या किती बनवतंय.

आणि यकृताला बनवायला कोण सांगतं? पुण्यात राहणाऱ्याला हे भिडे पुलावरून नीट कळेल. डेक्कनजवळच्या त्या सखल पुलावर पाणी आलं, की खडकवासल्यातून विसर्ग वाढवलाय हे बातमी न वाचताही समजतं. खडकवासला भरतो तो वर पानशेत, वरसगाव, टेमघर भरलेत म्हणून. धमनीतही असाच उतार आहे. एलडीएलचे कण धमनीच्या आतल्या अस्तराखाली शिरतात, अडकतात, त्यांचं ऑक्सिडेशन होतं. पांढऱ्या पेशी ते गिळतात आणि आत कोलेस्टेरॉलचे स्फटिक धरतात. या स्फटिकांनी पेशीतली धोक्याची यंत्रणा जागी होते आणि इंटरल्युकिन-१ बीटा हा संदेशवाहक बाहेर पडतो. त्यातून इंटरल्युकिन-६ वाढतं. ते यकृतापर्यंत पोचतं आणि यकृत सीआरपी ओतायला लागतं. तुमच्या रिपोर्टवरचा ७.४ म्हणजे पुलावरचं पाणी.

पण पुलावर पाणी यायला धरणच सोडावं लागतं असं नाही. शहरात तासभर धो धो पाऊस पडला आणि नाले मुठेला येऊन मिळाले तरी पातळी चढते. पोटावरची चरबी स्वतः इंटरल्युकिन-६ सोडते. सुजलेल्या हिरड्या, सांधेवात, जुनाट खोकला, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, संप्रेरकांच्या गोळ्या, सिगारेट, मिश्री ही सगळी त्याच नदीला मिळणारी ओढे-नाल्यांची कुटुंबं. सीआरपी वाढलंय एवढ्यावरून ते हृदयाच्या धमनीतून आलं की दाढेतून, हे सांगता येत नाही. या चाचणीचं सगळ्यात मोठं दुबळेपण हेच, आणि पॅकेजच्या कागदावर ते कुठेच छापलेलं नसतं.

सीआरपी स्वतःच धमनी बिघडवतं का, यावर बरीच वर्षं वाद झाला. उत्तर जनुकांच्या अभ्यासातून आलं. काही लोकांत सीआरपीच्या जनुकातल्या फरकामुळे ते जन्मभर थोडं जास्त असतं. ते प्रथिनच गुन्हेगार असतं तर या लोकांना हृदयविकार जास्त व्हायला हवा होता. २००८ मध्ये कोपनहेगनच्या आणि २०११ मध्ये अनेक देशांच्या एकत्रित आकडेवारीत तसं दिसलं नाही. उलट इंटरल्युकिन-६ चा संदेश पकडणाऱ्या, पेशीवरच्या रिसेप्टरच्या जनुकात असा बदल असलेल्यांना, ज्याने त्याचा संदेश सौम्य होतो, हृदयविकार कमी आढळला. म्हणजे दाह खरा भागीदार आहे आणि सीआरपी ही त्याची पातळी दाखवणारी खूण. ‘सीआरपी कमी करणारं’ म्हणून जे काही विकलं जातं, त्याकडे बघताना हे ध्यानात ठेवा.

खूण असली तरी ती कामाची आहे. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ स्टडीमधल्या २७,९३९ निरोगी महिलांचा ३० वर्षांचा हिशेब २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या एकाच रक्तनमुन्यावरून सगळ्यांचे पाच गट पाडले होते. सर्वांत वरच्या गटाला सर्वांत खालच्या गटाच्या तुलनेत हृदयविकार, पक्षाघात वगैरेंचा धोका एलडीएलच्या बाबतीत ३६ टक्के जास्त होता, लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक कण) च्या बाबतीत ३३ टक्के आणि एचएस-सीआरपीच्या बाबतीत ७० टक्के. २०२३ मध्ये स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) घेत असलेल्या ३१,२४५ रुग्णांच्या आकडेवारीतही पुढचा झटका आणि मृत्यू यांचा अंदाज एलडीएलपेक्षा एचएस-सीआरपीने जास्त चांगला दिला. एलडीएल औषधाने खाली आणलेलं असतं, उरलेला फरक दाहाचा असतो, म्हणून हे घडतं. याचा अर्थ ‘कोलेस्टेरॉलला महत्त्व नाही’ असा काढणारे व्हिडिओ फिरतात. तो अर्थ चुकीचा आहे.

आता आकडा वाचायचा कसा. २००३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि सीडीसी (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) यांनी ठरवलेली विभागणी अजून वापरात आहे: १ पेक्षा कमी म्हणजे कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर असेल तर हृदयाचा विचार बाजूला ठेवून आधी संसर्ग किंवा दुसरा दाह शोधायचा. अलीकडच्या मार्गदर्शनात २ ही रेषा जास्त दिसते. २ किंवा अधिक एचएस-सीआरपी टिकून असेल तर तो ‘धोका वाढवणारा घटक’ धरतात. २०२५ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिओलॉजीने तर ही चाचणी हृदयविकार नसलेल्यांतही सरसकट करावी, असं निवेदन काढलं. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने निम्मं शहर तापाने फणफणलेलं असतं, हिरड्यांचे आजार घरोघरी. इथे ‘सरसकट’ करायची तर पुन्हा तपासण्याची शिस्तही सरसकट हवी, नाहीतर नुसती घबराट वाटली जाईल.

ती शिस्त अशी. किमान दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासायचं आणि सरासरी धरायची. दोन्ही वेळा तब्येत ठीक हवी. सर्दी-ताप, जुलाब, दात काढणं, लस, टाके पडलेली जखम यांपैकी काही झालं असेल तर बरं झाल्यावर तीन आठवडे थांबा. कागदावरचं गणित याहून लवकर सुटतं: ८० पर्यंत चढलेलं सीआरपी बनणं अचानक थांबलं तर चार दिवसांत ३ च्या खाली यायला हवं. पण दाह नळासारखा बंद होत नाही, यकृत आणखी काही दिवस थोडं थोडं बनवत राहतं, म्हणून तीन आठवडे. चिकुनगुनियानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखत राहतात. ते दुखणं चालू असेपर्यंत हृदयासाठी ही चाचणी करण्यात अर्थ नाही. मॅरेथॉन पळाल्यावर दुसऱ्या दिवशी सीआरपी चांगलंच चढतं. वारीत दिवसांमागून दिवस चालून पायाला फोड आले, घसा बसला, तरी तेच. अशा श्रमानंतर आठवडाभर जाऊ द्या. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या सरावाच्या माणसाला काही फरक पडत नाही. वर्षातून एकदा हौसेने चढून चार दिवस पिंढऱ्या धरून बसणाऱ्याने मात्र लगेच सोमवारी रक्त देऊ नये.

उपाशी राहायची गरज नाही. चालू औषधं बंद करायची नाहीत. स्टॅटिन घेणाऱ्याने ‘खरा आकडा बघू’ म्हणून गोळी सोडणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

दुसऱ्यांदाही १० च्या वर राहिलं, सोबत वजन घटतंय, संध्याकाळी ताप, रात्री घाम, सकाळी सांधे अर्धा-पाऊण तास आखडलेले असं काही असेल, तर आपल्या भागात क्षयरोग आणि सांधेवात यांची तपासणी आधी. काहीच सापडलं नाही तरीही तो आकडा ‘खोटा’ समजून सोडू नका. फार वाढलेलं आणि टिकून राहिलेलं सीआरपीही हृदयाचा धोका दाखवू शकतं. याच्या उलटही फसवणूक होते. यकृत खूप खराब असेल तर दाह असूनही सीआरपी चढत नाही. ल्युपसमध्ये (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) ते बऱ्याचदा कमी राहतं, पण हृदयाचा धोका मोठा असतो. इंटरल्युकिन-६ अडवणारं टोसिलिझुमॅब घेणाऱ्याचं सीआरपी शून्याजवळ असतं, संसर्ग झाला तरी.

आता तुमचे बाकीचे आकडे. बीएमआय २४.९ येतो आणि कंपनीच्या चार्टवर तो हिरव्या रंगात असणार. घेर मात्र ९६ आहे. भारतीय पुरुषासाठी ९० आणि स्त्रीसाठी ८० सेंमी ही मर्यादा. हा विषय पुण्याचाच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापला गेला. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हाडापेराने बारीक, पण चरबी पोटात साठवलेली, ही आपली ठेवण. हीच पोटातली चरबी इंटरल्युकिन-६ सोडते आणि तिथली रक्तवाहिनी थेट यकृतात जाते. तुमच्या ७.४ मधला मोठा वाटा इथून येत असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते, त्याखालोखाल हिरड्या.

घेर मोजताना पँटचा पट्टा बांधतो तिथे मोजू नका, तो पोटाच्या खाली घसरलेला असतो. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडून झाल्यावर आकडा वाचा.

एचबीए१सी ५.९ म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी, ५.७ ते ६.४ यांतली. बीपी एकदाच मोजून ठरवू नका. दंडाला पट्टा लावायच्या यंत्रावर घरी सात दिवस, सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा मोजा, पहिला दिवस सोडून सरासरी काढा. १३५/८५ किंवा वर आली तर तो उच्च रक्तदाब. वडिलांचा ५४ व्या वर्षीचा अटॅक हा तुमच्या यादीतला सगळ्यात जड मुद्दा आहे. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत अटॅक येणं हे अकाली धरतात. इंटरहार्ट या ५२ देशांच्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला होता, इतरत्र तो ५८-५९ ला. त्यामुळे ४७ हे वय ‘अजून वेळ आहे’ म्हणण्याचं नाही.

मी असतो तर अँजिओग्राफीच्या ऐवजी दोन तपासण्या करायला सांगितल्या असत्या. एक लायपोप्रोटीन-ए, आयुष्यात एकदाच. ते आनुवंशिक असतं, जेवणखाण्याने फारसं बदलत नाही, ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा १२५ नॅनोमोल प्रति लिटरच्या वर असेल तर वडिलांच्या अटॅकचा धागा तिथे लागू शकतो. इथेही एकक बघा, दोन वेगवेगळ्या एककांत रिपोर्ट येतो. दुसरी, सीटी कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयाच्या धमन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजणारा स्कॅन. सुई नाही, डाय नाही, किरणोत्सर्ग साधारण १ मिलिसिव्हर्ट, टेबलावर पाच-दहा मिनिटं. १०० किंवा जास्त आला तर स्टॅटिनबद्दल फार चर्चा उरत नाही. १ ते ९९ असेल तर तुमच्या वयाला तोही बोलकाच. शून्य आला तर पुढच्या काही वर्षांचा धोका कमी, पण शून्याने मऊ, कॅल्शियम न साचलेला प्लाक (धमनीतला चरबीचा थर) नाही असं सिद्ध होत नाही, आणि चाळिशीत तोच जास्त असतो.

हृदयाच्या धोक्याचं गणित मांडणारी बहुतेक कॅल्क्युलेटर्स परदेशी लोकसंख्येवर बेतलेली आहेत. त्यातलं रेनॉल्ड्स रिस्क स्कोअर एचएस-सीआरपी आणि आई-वडिलांचा ६० च्या आतला अटॅक हे दोन्ही विचारतं. एवढ्यासाठी ते तुमच्या डॉक्टरांसोबत भरून बघण्यासारखं आहे. त्यात ७.४ भरू नका, दोनदा तपासून आलेली सरासरी भरा.

औषधांकडे येऊ. एचएस-सीआरपीवरून गोळी ठरवण्याचा मोठा प्रयोग म्हणजे २००८ चा ज्युपिटर. एलडीएल १३० च्या खाली पण एचएस-सीआरपी २ किंवा जास्त असलेले १७,८०२ निरोगी लोक, निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम, निम्म्यांना बिनऔषधाची गोळी. एलडीएल ५० टक्के उतरलं, सीआरपी ३७ टक्के. अटॅक, पक्षाघात वगैरे मिळून ४४ टक्के कमी झाले आणि सरासरी दोन वर्षं भरायच्या आतच चाचणी थांबवावी लागली. ४४ हा आकडा कानाला मोठा लागतो म्हणून दुसऱ्या बाजूनेही बघा: वर्षाला १०० माणसांमागे १.३६ घटना होत होत्या, त्या ०.७७ झाल्या. मधुमेहाचं नवं निदान गोळीच्या बाजूला थोडं जास्त निघालं, आणि तुमचं एचबीए१सी ५.९ आहे, म्हणून ते वर्षातून एकदा बघत राहावं लागेल. शिवाय त्या चाचणीत पुरुष ५० च्या पुढचे आणि स्त्रिया ६० च्या पुढच्या होत्या. तुम्ही त्यात बसला नसता.

ज्युपिटरची एक मोठी उणीव आहे. त्यात कमी सीआरपीवाल्यांचा गटच नव्हता, त्यामुळे सीआरपी जास्त असलेल्यांनाच स्टॅटिनचा फायदा होतो हे त्यातून सिद्ध होत नाही. २०१६ च्या होप-३ चाचणीत १२,७०५ लोकांना रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम किंवा बिनऔषधाची गोळी दिली, तेव्हा सीआरपी कमी असो वा जास्त, फायदा सारखाच दिसला. म्हणून माझं मत असं, की स्टॅटिन ‘सीआरपीसाठी’ घ्यायचं नसतं. वडील, घेर, साखर, बीपी यांनी तराजू आधीच झुकलेला असेल आणि निर्णय काठावर असेल, तर टिकून राहिलेलं ३ च्या वरचं एचएस-सीआरपी त्या पारड्यात आणखी एक वजन टाकतं. तुमचा तराजू मला स्टॅटिनच्या बाजूला झुकलेला दिसतो. कॅल्शियम स्कोअर १०० च्या पुढे आला तर एलडीएल ७० च्या खाली, नाहीतर १०० च्या खाली आणण्याचं लक्ष्य ठेवणं मला रास्त वाटतं. गोळी सुरू करण्याआधी यकृताची एसजीपीटी आणि थायरॉइडची टीएसएच बघून घ्यायची, दोनेक महिन्यांनी लिपिड पुन्हा.

अ‍ॅस्पिरिनबद्दल गोंधळ होण्याला कारण आहे. १९९७ मध्ये फिजिशियन्स हेल्थ स्टडीत सीआरपी सर्वांत जास्त असलेल्या पुरुषांत अ‍ॅस्पिरिनने पहिला अटॅक ५५.७ टक्क्यांनी कमी झाला, सर्वांत कमी असलेल्यांत १३.९ टक्क्यांनीच. तो निष्कर्ष अजून फिरतो. पण २०१८ मध्ये एकाच वर्षी तीन मोठ्या चाचण्या आल्या आणि हृदयविकार नसलेल्यांत अ‍ॅस्पिरिनचा फायदा मावळता आणि पोटातल्या, मेंदूतल्या रक्तस्रावाचा तोटा ठळक दिसला. स्टेंट किंवा आधीचा अटॅक असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ती गोळी हात न लावता चालू ठेवायची असते.

दाहावरच थेट औषध द्यावं, ही कल्पना खरी उतरते का? २०१७ च्या कॅन्टोस चाचणीत आधी अटॅक येऊन गेलेल्या आणि एचएस-सीआरपी २ च्या वर असलेल्या १०,०६१ रुग्णांपैकी काहींना इंटरल्युकिन-१ बीटा अडवणारं कॅनाकिनुमॅबचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दिलं. एलडीएल जिथल्या तिथे राहिलं, तरी १५० मिलिग्रॅमच्या गटात अटॅक-पक्षाघात-मृत्यू १५ टक्के घटले. वरचं धरण थोडं बंद केलं आणि खाली पूर कमी झाला, असा तो थेट पुरावा. पण जीवघेणे संसर्ग वाढले, आणि हृदयासाठी या औषधाला मान्यता मिळाली नाही. लगेच पुढे मेथोट्रेक्सेट वापरून बघितलं, ४,७८६ रुग्णांत. त्याने ना इंटरल्युकिन कमी झालं, ना सीआरपी, ना अटॅक. दाहाचं वाटेल ते औषध उचलून हृदयाला चालत नाही, नेमका तोच उतार अडवावा लागतो.

तिसरं कोल्चिसिन. गाउटसाठी आपल्याकडे वर्षानुवर्षं मिळणारी स्वस्त गोळी. २०१९ च्या कोलकॉटमध्ये नुकताच अटॅक आलेल्यांत ०.५ मिलिग्रॅमने घटना २३ टक्के घटल्या, २०२० च्या लोडोको-२ मध्ये स्थिर हृदयविकार असलेल्यांत ३१ टक्के. २०२३ मध्ये अमेरिकेत या मात्रेला हृदयासाठी मान्यता मिळाली. त्यानंतर २०२४ मध्ये सुमारे ७,००० अटॅकच्या रुग्णांतल्या क्लिअर सिनर्जी चाचणीत फायदा दिसला नाही. तेव्हा हृदयविकार सिद्ध झालेल्यातही हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांनी माणूस बघून घ्यायचा आहे. तुम्हाला हृदयविकार सिद्ध झालेला नाही, तुमच्यासारख्यांत ही गोळी तपासलेलीच नाही. किडनी कमजोर असताना किंवा क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल, व्हेरापॅमिल यांच्यासोबत घेतली तर ती शरीरात साचते. जुलाबांपासून सुरू होऊन स्नायू आणि अस्थिमज्जेपर्यंत विषबाधा जाऊ शकते. मेडिकलमधून मित्राच्या सांगण्यावरून आणायची ही वस्तू नव्हे.

हळद फोडणीत आणि दुधात घाला, काही बिघडत नाही. कॅप्सूल वेगळी. त्यात कर्क्युमिन एकवटलेलं आणि जास्त शोषलं जावं म्हणून मिऱ्याचा अर्क मिसळलेला असतो, आणि अशा गोळ्यांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. अटॅक कमी झाल्याचा पुरावा नाही.

स्वतःच्या हातात आहे ते असं. वजन किलोभर उतरलं की सीआरपी सरासरी ०.१३ मिलिग्रॅम प्रति लिटरने उतरतं, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित हिशेबात दिसलं. पाच किलोंनी साधारण ०.६५. ऐकायला थोडं वाटेल, पण त्याच पाच किलोंत घेर, बीपी, साखर, ट्रायग्लिसराइड सगळं हलतं. तुमच्यासाठी आठवड्यात दीडशे मिनिटं भराभर चालणं आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, हे नुसतं चालण्यापेक्षा बरं, कारण स्नायू कमी आणि चरबी जास्त हीच आपली अडचण आहे. रात्रीचं जेवण हिंजवडीच्या ट्रॅफिकमुळे दहाला होत असेल तर संध्याकाळी सहाला वडापाव-बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे-शेंगदाणे, उसळ किंवा अंडं डब्यात न्या आणि रात्रीची पोळी-भात निम्म्यावर आणा.

हिरड्या दाखवा. दंतवैद्य हिरडीच्या खाचेची खोली मोजतील, ४ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर खोल सफाई लागेल. अशा सफाईनंतर पहिल्या दिवशी-दोन दिवसांत सीआरपी उलट वाढतं, सहा महिन्यांनी रक्तवाहिन्यांची लवचिकता सुधारलेली दिसते. म्हणून सफाई केली तर पुढची चाचणी महिन्याभरानंतर. घोरत असाल आणि दिवसा मीटिंगमध्ये डोळे मिटत असतील तर झोपेची तपासणीही.

एचएस-सीआरपी दर महिन्याला करत बसू नका. आता दोन आठवडे थांबून पुन्हा एकदा, मग स्टॅटिन सुरू झालं किंवा वजन खरोखर उतरलं तर तीन महिन्यांनी एकदा. त्यानंतर एलडीएल, घेर, घरचं बीपी आणि एचबीए१सी यांची वही जास्त उपयोगाची.

आणि छातीत मध्यभागी दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, अचानक दम, असं काही दहा-पंधरा मिनिटं टिकलं तर सीआरपीच्या रिपोर्टला काडीची किंमत नाही. १०८ ला फोन, पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी आणि सोबत ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी रक्तचाचणी). अटॅक आल्यावर मेलेल्या स्नायूमुळे सीआरपी आपोआप चढतं, त्यामुळे पुढचा धोका मोजायला ते त्यानंतर किमान महिनाभर करत नाहीत.